लिनक्सकडे वळताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून आमच्याकडे एकाच विषयावरची पत्रं येत आहेत. लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही, मग लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत यंत्रणा, टाकावं का? मिळत्याजुळत्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१६चा आहे. सहाव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागतात. लिनक्स टाकलं तर वेग वाढेल का? आणि इतक्या प्रकारांतलं कोणतं घ्यावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे तुमचा लॅपटॉप तिथे अडतो. लिनक्सला यातलं काहीच लागत नाही. मात्र तुमच्या पाच-सहा मिनिटांचं खापर एकट्या विंडोजवर फोडू नका. त्यातला मोठा वाटा फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कचा आहे. तीच ठेवून लिनक्स टाकलंत तर फरक पडेल, पण मन भरणार नाही. आधी २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवा. २४० किंवा २५६ जीबीची पुरते. सोबत रॅम ८ जीबी करता आली तर उत्तम. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये कुठे डीडीआर३एल तर कुठे डीडीआर४ रॅम असते आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. त्यामुळे मागचं झाकण उघडून आतल्या पट्टीवरचं लेबल वाचा, मगच खरेदी करा.

प्रकारांच्या जंगलात नवख्या माणसानं शिरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. लिनक्स मिंट घ्या. त्याची २२ क्रमांकाची मालिका उबुंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, मधे उघडलेल्या खिडक्या, अशी मांडणी असल्यामुळे विंडोजची सवय असलेला हात चाचपडत नाही. मिंटच्या तीन आवृत्त्या आहेत. ४ जीबी रॅमवर 'एक्सएफसीई' घ्या, ८ जीबी असेल तर 'सिनॅमन'. तिसरी 'माटे' या दोन्हींच्या मधली आहे. कागदोपत्री किमान रॅम २ जीबी आहे, पण तेवढ्यात ब्राउझरचे चार टॅब उघडले की लॅपटॉप गुदमरतो. कुणाचं जुनं यंत्र ३२ बिटचं असेल तर मात्र मिंटची नेहमीची आवृत्ती त्यावर चालणार नाही. तो आधार २०२०च्या २०व्या आवृत्तीपासून बंद झाला आहे.

आणि टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. याला लाइव्ह सत्र म्हणतात. ते रॅममध्ये चालतं, डिस्कवर तुम्ही सांगितल्याशिवाय काहीही लिहीत नाही. या सत्रात नुसता वॉलपेपर पाहून खूश होऊ नका. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा सुरू करा, झाकण मिटून पुन्हा उघडा, प्रिंटर लावा आणि तुमच्या रोजच्या पाच-सात फायली उघडून पाहा. पेनड्राइव्हवरून सगळं संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

प्रश्न : माझं कर-सल्लागाराचं छोटं कार्यालय आहे. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन रोज लागतं. पूर्ण लिनक्सवर जाता येईल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. टॅली प्राइम विंडोजसाठीच बनतं. 'वाइन' नावाच्या सोयीनं ते लिनक्सवर उघडणारे आहेत, पण विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी ते अडलं तर दाद मागायला जागा नाही. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच. टोकनचा ड्रायव्हर आणि त्या-त्या पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर, दोन्ही लिनक्सवर चालायला हवीत. एक चाललं आणि दुसरं नाही, तर सही होतच नाही. कार्यालयातल्या एका संगणकावर अद्ययावत विंडोज राहू द्या आणि पत्रव्यवहार, ईमेल, ब्राउझरमधली कामं ज्या संगणकांवर होतात तेवढ्यांवर लिनक्स आणा. ज्या संगणकावर टॅलीचा परवाना नोंदवलेला आहे तो पुसायचा असेल, तर आधी टॅलीमधूनच परवाना 'सरेंडर' करा आणि मग डिस्कला हात लावा. हे विसरलात तर नव्या जागी परवाना सुरू करायला खेटे घालावे लागतात.

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या दोन वाचकांनी कोरलड्रॉबद्दल विचारलं आहे. उत्तर तेच. इंकस्केप हे सुरेख सॉफ्टवेअर आहे, नवं काम त्यात जरूर करा. पण जुन्या कोरल फायली त्यात जशाच्या तशा उघडतील अशी आशा धरू नका.

प्रश्न : मिंटची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण लॅपटॉप थेट विंडोजमध्येच जातो. (एक वाचक, अकोला)

उत्तर : नुसती कॉपी करून चालत नाही. आयएसओ फाइल, आकारानं साधारण ३ जीबी, पेनड्राइव्हवर विशिष्ट पद्धतीनं उतरवावी लागते. विंडोजवर त्यासाठी 'रूफस' हे छोटं सॉफ्टवेअर वापरा. पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे गृहीत धरा. रूफसमध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारच्या बरोबरच्या खुणेचं बटण दाबलं की एसएचए-२५६ नावाची लांबलचक संख्या दिसते. मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या संख्येशी ती ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इथेच पकडली जाते. एरवी ती मधेच एखाद्या दुर्बोध चुकीच्या रूपानं डोकं वर काढते आणि माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो.

मग बूट मेनूची, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या यादीची, की. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२च आहे, पण पुष्कळदा ती आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावी लागते. की वेळेत दाबली जात नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा. येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' दिसेल, तिथून पेनड्राइव्ह निवडता येतो.

पेनड्राइव्ह सुरू झाला, पण एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असल्यामुळे पडदा काळाच राहिला, तर बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिल्या यादीत 'कंपॅटिबिलिटी मोड' घ्या. लिनक्स बसवल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून शिफारस केलेला ड्रायव्हर घातला की ही अडचण सहसा सुटते. सिक्युअर बूट (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर इथे लोक एका जागी चुकतात. ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलंत तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि का चालत नाही ते कुठे ठळकपणे लिहिलेलंही नसतं.

प्रश्न : विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं आहे. मुलीच्या प्रोजेक्टच्या फायली आहेत, त्या जायला नकोत. नेमकं काय करू? आणि इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही असं एका ओळखीच्यांच्या बाबतीत झालं, ते का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मगच पुढे वाचा. डी ड्राइव्हवर घेतलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण ती त्याच डिस्कवर असते.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू आहे का ते पाहा. घरगुती विंडोजमध्येही ते मालकाच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. चालू असताना बायोसमध्ये बदल केले की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती आधीच कागदावर उतरवून घ्या. शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्यावी, असा आमचा सल्ला आहे. त्याला तास-दोन तास लागू शकतात, चार्जर लावून ठेवा.

दुसरं, 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाच्या कामाची जागा. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज खऱ्या अर्थानं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून सी किंवा डी ड्राइव्ह उघडला तर फायली वाचता येतात, पण लिहिता येत नाहीत. फाइल जतन होत नाही अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो.

जागा मोकळी करायचं काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा. सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. ६० जीबीसाठी ६१४४० हा आकडा लिहा, कारण तिथे एमबीमध्ये विचारतात. डिस्कवर जागा असूनही ते थोडीच देऊ करत असेल तर हायबरनेशनची किंवा पेजिंगची न हलणारी फाइल मधे बसलेली असते. हायबरनेशन आणि पेजिंग तात्पुरतं बंद करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि परत प्रयत्न करा. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' अशीच सोडा, तिला नवं ड्राइव्ह-अक्षर देऊ नका. जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी भाग चालतात. सी, डी, रिकव्हरी आणि सिस्टिम मिळून चार आधीच झाले असतील तर मिंटचा इन्स्टॉलर मोकळी जागा 'अनयूजेबल' म्हणून दाखवतो. अशा वेळी डीमधल्या फायली हलवून तो भाग काढावा लागतो. त्यावर विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करायचं सुचवेल, ते मुळीच स्वीकारू नका.

इन्स्टॉलरमध्ये 'इन्स्टॉल अलाँगसाइड' हा पर्याय आला तर तो घ्या. 'इरेज डिस्क'चा अर्थ शब्दशः पूर्ण डिस्क पुसणं असा आहे, डीसकट. 'समथिंग एल्स' निवडलंत तर मोकळ्या जागेवर एकच ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचा) भाग करा आणि माउंट पॉइंट म्हणून एकटी तिरकी रेघ (/) निवडा. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या जागेसाठी, वेगळा भाग लागत नाही, मिंट स्वॅप फाइल स्वतः करतं. फॅट३२चा छोटा ईएफआय भाग दिसेल, त्यावर फॉरमॅटची खूण करायची नाही. विंडोज तिथूनच सुरू होतं.

डिस्कच दिसत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' पद्धतीवर असणं. ते 'एएचसीआय'वर आणावं लागतं, पण थेट बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल, कारण सुरू होताना लागणारा ड्रायव्हर त्यानं तयार ठेवलेला नसतो. आधी विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'ची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग ती खूण काढा. एवढ्या क्रमानं केलं तर विंडोजही टिकतं आणि डिस्कही दिसते.

पुढे कधी विंडोजच्या अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जाऊ लागला तर घाबरू नका. मिंट पुसलं गेलेलं नसतं, बायोसमधला बूटचा क्रम बदललेला असतो. तिथे 'उबुंटू' या नावाची नोंद वर आणा. मिंटची नोंद याच नावानं असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. वीस वर्षांचं मराठी लेखन संगणकात आहे, काही डीव्हीटीटी-सुरेखमध्ये, काही श्रीलिपीत, अलीकडचं मंगलमध्ये. लिनक्सवर ते वाचता येईल का? टंकन कसं करायचं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण लॅपटॉप बदलता येतो, वीस वर्षांचं लेखन पुन्हा लिहिता येत नाही.

मंगलमधलं लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत आहे, ते सुरक्षित आहे. लिनक्सवर मंगल नसतो म्हणून लिबरऑफिस (तिथलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) दुसरा देवनागरी फॉन्ट घेतं आणि ओळी थोड्या पुढे-मागे सरकतात, पानांची संख्या बदलते. अक्षर एकही बिघडत नाही. नव्या लेखनासाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. छापायला किंवा पाठवायला देताना पीडीएफ करा.

सुरेख आणि श्रीलिपीतल्या जुन्या फायलींचं दुखणं वेगळं आहे. त्या फायलीत मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या जागा असतात आणि त्यांवर फॉन्ट मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हं उमटतात. म्हणून विंडोज अजून चालू आहे तोवरच त्या फायली युनिकोडमध्ये करून घ्या, आणि मूळ प्रतीही जपून ठेवा. प्रत्येक फॉन्टसाठी रूपांतरक वेगळा लागतो, सुरेखचा रूपांतरक श्रीलिपीला चालत नाही. रूपांतर झाल्यावर तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. त्यामुळे 'किती'ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसू शकते. रफार उलटा : जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी, म्हणून 'कर्म', 'वर्ष' तपासा. तिसरं म्हणजे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला अर्धा र. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले रूपांतरक त्याचा हमखास रफार करतात आणि 'दुसर्या' असं भलतंच उमटतं. एकेक प्रकरण रूपांतरित करून वाचा. सगळी पोतडी एकदम टाकू नका.

टंकनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स'मध्ये जाऊन अधिकचं चिन्ह दाबा आणि 'मराठी (एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट)' जोडा. विंडोजवर इनस्क्रिप्ट वापरत असाल तर बोटांना नवं काही शिकावं लागत नाही. ळ शिफ्ट-एनवर आहे. अर्ध्या रसाठी शिफ्ट-जेवरचा नुक्त्याचा ऱ, मग डीवरचा पायमोड, मग य किंवा ह. रोमन उच्चारानुसार टंकणाऱ्यांना याच यादीत 'मराठी (कगप, फोनेटिक)' मिळेल. शब्द सुचवत जाणारं, मोबाइलसारखं टंकन मात्र इथे आपोआप मिळत नाही. त्याची सवय झालेल्यांना पहिले पंधरा दिवस जड जातात.

आणखी एक बारकावा. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा निराळी आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात तो मजकुराची भाषा पाहून वळण ठरवतो. लिबरऑफिसच्या पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर तुमच्या कवितेतला श परका दिसेल.

प्रश्न : प्रिंटर चालतील का? घरी एचपी लेझरजेट १०२० आहे, दुकानात कॅनन एलबीपी २९००. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : १०२० चालतो, पण नुसता जोडून नाही. त्याच्या आत स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) कायम राहत नाही, दर वेळी सुरू झाला की संगणकाकडून घ्यावं लागतं. त्यासाठी एचपीच्या 'एचपीलिप' या लिनक्सवरच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरसोबत त्यांचा प्लगइन (जोड-भाग) लागतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिपचं खिडकीवालं साधन घाला, त्यातून प्रिंटर जोडा, प्लगइन उतरवायचं विचारलं की हो म्हणा. पुढे एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइनही त्याच आवृत्तीचा लागतो. एखाद्या अपडेटनंतर अचानक छपाई थांबली तर प्लगइन पुन्हा घाला.

२९००बद्दल खोटी आशा दाखवणार नाही. तो कॅननच्या कॅप्ट या खास पद्धतीवर चालतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि नाजूक आहे, बसला तरी एखाद्या अपडेटनं मोडू शकतो. दुकानाचं काम त्यावर अवलंबून असेल तर तो विंडोजच्या संगणकालाच राहू द्या. नवा प्रिंटर घेताना डब्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' लिहिलेलं पाहा. असे प्रिंटर लिनक्सवर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापतात.

प्रश्न : मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असतं. बॅटरी गेली का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बॅटरी ठीक आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना त्यात भारताचे साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. दोघांपैकी एकाला समजवावं लागतं. मिंटमध्ये टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडा आणि रोमन लहान अक्षरांत ही आज्ञा टंका : टाइमडेटसीटीएल, मग एक जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, पुन्हा एक जागा सोडून १. त्यानंतर विंडोजमध्ये जाऊन एकदा वेळ 'सिंक' करा. आधी तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये भाग कोलकाता आहे ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : अँटीव्हायरस कोणता घालू? आणि काही बिघडलं तर सगळं पुन्हा टाकावं लागेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : घरगुती वापराला वेगळा अँटीव्हायरस लागत नाही. त्याऐवजी खालच्या पट्टीवरच्या ढालीच्या चित्राकडे लक्ष ठेवा. तिथे ठिपका दिसला की अपडेट आहेत, ते घ्या. सॉफ्टवेअर शक्यतो सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. कुठल्याशा पानावरची न समजणारी आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवू नका, विशेषतः ती 'सुडो'नं सुरू होत असेल तर. त्या शब्दानं तुम्ही पूर्ण यंत्रणेच्या किल्ल्या देता.

पहिल्याच दिवशी 'टाइमशिफ्ट' उघडून एक प्रत घ्या आणि पुढे आठवड्याला एक होईल असं लावून द्या, दोन-तीन ठेवल्या तरी पुरे. अपडेटनंतर बिघाड झाला तर त्या प्रतीवरून यंत्रणा मागच्या स्थितीत येते, मिंट उघडतच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही. म्हणून तो पेनड्राइव्ह पुसू नका. टाइमशिफ्टची प्रत विंडोजच्या भागावर ठेवता येत नाही, तिला ईएक्सटी४सारखा लिनक्सचा भाग लागतो. आणि ती फक्त यंत्रणेची प्रत असते. तुमचे फोटो, कागदपत्रं, लेखन तिच्यात धरलेलं नसतं. त्यासाठी मघाची कपाटातली डिस्क महिन्यातून एकदा बाहेर काढा.